डॉ. रुस्तुम वकील आणि सर्पगंधेची मुळी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी यंदा मीही काही लिहावे असा चिटणीसबाईंनी आग्रह केला, तेव्हा मला खरोखर हसूच आले. माझे शिक्षण सातवी इयत्तेपर्यंत. लिहिणे म्हणजे वाण्याची यादी, दुधाचा हिशेब आणि भिशीची वही. गेल्या खेपेस ओल्या नारळाच्या वड्यांची कृती लिहून दिली होती, तीही माझ्या मुलीने शुद्ध करून घेतली. पण या वेळी पाककृती नको, एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र द्या, असे त्या म्हणाल्या; आणि मी पटकन नाव सांगून टाकले. त्यांना ते ठाऊक नव्हते. दोन वर्षांपूर्वी मलाही नव्हते. वैद्यकीच्या जगात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते त्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांच्याविषयी हे चार शब्द आहेत. ते आपल्याच मुंबईचे, पारशी समाजातले. आपल्या अंधेरीत पारशी पंचायत रस्त्याने रोज जाता येता पारशी म्हाताऱ्या मंडळींशी आपला नमस्कार होतो, तेव्हा ते काही आपल्याला परके नाहीत.

आता त्यांची नि माझी ओळख कशी झाली हे आधी सांगितले पाहिजे, आणि ते सांगायचे तर घरचे एक दुखणे उघडे करणे भाग आहे.

माझ्या सासूबाईंना पुष्कळ वर्षांपासून रक्तदाब होता. सकाळी चहाबरोबर एक गोळी, एवढाच त्याचा बडेजाव. त्यांना कधी चक्कर नाही, डोके दुखणे नाही. चार माणसांचा स्वयंपाक करून पुन्हा पापडाच्या लाट्या करायला बसत. 2017 सालच्या चातुर्मासात आमच्याकडे एक नातलग राहायला आले. त्यांचे म्हणणे पडले की, गोळीची सवय लागते, मग ती जन्माची पाठ सोडत नाही. काही होत नसताना औषध कशाला घ्यायचे? सासूबाईंनाही ते पटले. त्यांनी मला विचारले, आणि मी हो म्हटले. हे मी मुद्दाम लिहिते आहे. घरात औषधपाण्याचे मी पाहात होते. डॉक्टरांना विचारून येते, एवढे म्हणायला काही मला सातवीपेक्षा जास्त शिक्षण लागत नव्हते. दोन महिने छान गेले. दिवाळीच्या आधी आठ दिवस, पहाटे, दारात रांगोळी घालताना त्यांच्या हातातली चिमूट सुटली आणि त्या तशाच उंबऱ्याला टेकल्या. उजवे अंग गेले होते. जीव वाचला, बोलणे पुष्कळसे परत आले, उजवा हात मात्र अजून पुरता परत आलेला नाही. त्या हाताने त्यांनी मला पापड लाटायला शिकवले होते.

पुढे एका वर्षी मंडळाने हॉलमध्ये रक्तदाब तपासणीचे शिबिर ठेवले, ते आपल्याला आठवत असेल. मी चहाच्या व्यवस्थेत होते. शेवटी गर्दी कमी झाल्यावर तपासणीला आलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मलाही खुर्चीत बसविले. माझा आकडा निघाला एकशे साठावर शंभर. मी म्हटले, यंत्र बिघडले असेल, मला तर काहीच होत नाही. त्या हसल्या नाहीत. हा आजार असाच असतो, बहुतेकांना काहीच होत नाही, असे त्यांनी समजावून सांगितले. आणि जाता जाता म्हणाल्या की, पाऊणशे वर्षांपूर्वी या दुखण्यावर जगात धड औषधच नव्हते, आणि औषधाची वाट जगाला दाखविली ती इथल्याच, परळच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या एका डॉक्टरांनी. ते डॉ. वकील. घरी गेल्यावर मी मुलीला बसवून शोधायला लावले. ती नर्सिंग शिकते. इंग्रजीतले वाचून ती मला मराठीत सांगे, आणि मी भाजी निवडत ऐके. पुढचे सारे त्याच ऐकण्यातून आले आहे.

रुस्तुम जाल वकील यांचा जन्म 1911 सालचा. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतले. तिथली मोठी पदवी घेऊन ते परत मुंबईस आले आणि परळच्या के.ई.एम. रुग्णालयात हृदयाच्या आजारांचे काम पाहू लागले. हे रुग्णालय 1926 साली सुरू झाले. त्याला जोडून असलेल्या शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाची एक गोष्ट मला फार आवडली: ज्यांच्या देणगीतून ते उभे राहिले त्या विश्वस्तांनी अट घातली होती की, इथे शिकविणारे सारे हिंदी असावेत. त्या वेळी मोठ्या जागा गोऱ्या डॉक्टरांनाच मिळत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या अटीचे मोल कळते. पालिकेचे रुग्णालय, गिरणगावाच्या मधोमध. तिथे येणारा रोगी गिरणीतला कामगार, हमाल, घरकाम करणारी बाई. डॉ. वकिलांनी जे पाहिले, मोजले, लिहिले, त्यात अशा माणसांच्या नाड्या आहेत.

आता रक्तदाब म्हणजे काय, हे मला जसे कळले तसे सांगते. आपल्या बागेतल्या रबरी नळीचे उदाहरण घ्या. नळी मऊ आणि मोकळी असेल तर पाणी सहज जाते. नळीचे तोंड आवळले तर आत जोर वाढतो. रक्तवाहिन्या आवळल्या की हृदयाला तेच रक्त जास्त जोराने ढकलावे लागते. वर्षानुवर्षे असा जोर पडला की हृदयाची भिंत जाड होते आणि पुढे थकते, मूत्रपिंडे बिघडतात, नाही तर मेंदूतली एखादी बारीक वाहिनी फुटते किंवा बंद पडते. दंडाला पट्टी बांधून हा जोर मोजण्याची युक्ती 1896 साली इटलीतल्या रिव्हा-रोची नावाच्या डॉक्टरांनी काढली, आणि कोपराच्या खोबणीत नळी लावून वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे ऐकण्याची रीत 1905 साली रशियातल्या कोरोटकोव्ह यांनी दिली. म्हणजे मोजता येत होते. उपाय नव्हता.

किती नव्हता, याचे एक उदाहरण मुलीने सांगितले ते ऐकून मी हातातली मेथी खाली ठेवली. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचे अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट. जगातला सर्वांत बलाढ्य माणूस, दाराशी डॉक्टरांची रांग. 1944 साली त्यांचा रक्तदाब 186 वर 108 निघाला. पुढे तो वाढतच गेला. डॉक्टर काय करणार? विश्रांती घ्या, मीठ कमी करा, सिगारेट कमी करा, झोपेचे औषध घ्या. 12 एप्रिल 1945 रोजी दुपारी बसल्या जागी डोके दुखू लागले आणि मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. तेव्हाचा आकडा तीनशेच्या घरात होता. आज आपल्या गल्लीतल्या कोणत्याही दवाखान्यात ज्या आकड्याला डॉक्टर गोळी लिहून देतात, त्या आकड्यावर अमेरिकेच्या अध्यक्षाला गोळी नव्हती.

त्याच सुमारास अमेरिकेतच केम्पनर नावाच्या डॉक्टरांनी रोग्यांना नुसता भात, फळे, फळांचा रस आणि साखर यांवर ठेवून पाहिले. मीठ जवळजवळ नाहीच. बऱ्याच जणांचा रक्तदाब उतरला! पण असे जेवण महिनोन्‌महिने कोण खाणार? मी एक दिवस अळणी वरणभात खाऊन पाहिला, दुसऱ्या दिवशी लोणच्याची बरणी हातात. काही ठिकाणी पाठीच्या कण्याजवळच्या नसा कापण्याची मोठी शस्त्रक्रियाही करीत. अशा त्या काळात डॉ. वकील के.ई.एम.मध्ये रोगी तपासत होते.

सर्पगंधा ही आपल्या देशातली वनस्पती. हिमालयाच्या पायथ्यापासून आपल्या सह्याद्रीच्या रानापर्यंत सावलीत उगवणारे लहानसे झुडूप. पांढरी गुलाबीसर फुले येतात. औषध असते ते मुळीत. वैद्य तिचा उपयोग फार पूर्वीपासून करीत आले. बिहारकडे तर बाजारात ती वेड्याचे औषध या नावानेच विकली जाई, कारण भ्रम झालेला, झोप उडालेला माणूस तिने शांत होतो. परदेशी शास्त्रज्ञांनी तिला राउवोल्फिया असे नाव दिले, ते सोळाव्या शतकातल्या राउवोल्फ नावाच्या एका जर्मन वैद्यावरून. आपल्या मुळीला त्याचे नाव का, असे मला वाटले खरे, पण असो.

1931 साल या मुळीच्या दृष्टीने महत्त्वाचे. त्या वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले की, ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर, दोन्हींवर चालते. त्याच वर्षी दिल्लीला सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळीतले घटक वेगळे काढले आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खानांच्या नावावरून अजमलीन असे नाव दिले. 1934 पासून तिच्या गोळ्याही आपल्याकडे मिळू लागल्या. पण हे सारे हिंदुस्थानातच राहिले. बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता नव्हता, आणि झाडपाल्याच्या औषधाकडे बाहेरचे जग पाहातही नव्हते.

इथे डॉ. वकिलांचे मोठेपण आहे, आणि ते मला हळूहळू कळले. पहिल्यांदा मी मुलीशी वाद घातला की, मुळी वैद्यांची, गुण सेन आणि बोस यांनी सांगितला, घटक सिद्दिकींनी काढला, मग या डॉक्टरांनी काय केले? मुलगी म्हणाली की, त्यांनी मोजले. गुण आला, असे शंभर वैद्य सांगतील. किती जणांना आला, किती आला, किती दिवसांनी आला, आणि काहींना आला नाही तर किती जणांना, हे डॉ. वकिलांनी रोग्यागणिक मांडून दाखविले.

त्यांचा लेख 1949 साली लंडनच्या ब्रिटिश हार्ट जर्नल या मासिकात छापून आला. पन्नास रोग्यांची ती हकीगत. या रोग्यांना आधी निरनिराळी औषधे देऊन पाहिली. फारसा फरक पडला नाही. मग वाळलेल्या मुळीच्या गोळ्या चार आठवडे दिल्या. चार आठवड्यांनी शंभरात पंच्याऐंशी जणांचा वरचा आकडा आणि एक्याऐंशी जणांचा खालचा आकडा उतरला होता. सगळ्यांचा सारखा नाही: वरचा आकडा कोणाचा नुसता दोनाने उतरला, तर कोणाचा चोपन्नाने, खालचा चारापासून चौतीसपर्यंत. मला सर्वांत आवडले ते हेच, की दोनाने उतरलेला रोगीही त्यांनी लपवून ठेवला नाही. आपण पापडाचे घाणे सांगताना फाटलेले पापड मोजतो का? शिवाय देशातल्या पन्नास डॉक्टरांना त्यांनी विचारून घेतले की, रक्तदाबावर तुमच्या मते उत्तम औषध कोणते. त्यांपैकी सेहेचाळीस जणांनी सर्पगंधा सांगितली.

हे औषध आत जाऊन काय करते, तेही मुलीने सांगितले. आपल्या नसांच्या टोकांशी एक द्रव्य साठविलेले असते. ते सुटले की रक्तवाहिन्या आवळतात. सर्पगंधेतला गुणकारी अंश हा साठाच रिकामा करतो. साठा रिकामा व्हायला दिवस लागतात, म्हणून औषधाचा गुण सावकाश दिसतो. आणि पुन्हा भरायलाही दिवस लागतात, म्हणून औषध थांबविल्यावरही गुण काही काळ टिकतो. डॉ. वकिलांनी चार आठवडे वाट पाहिली ती अशी योग्यच होती. चार दिवसांत गुण नाही म्हणून सोडून दिले असते, तर त्यांच्याही हाती काही लागले नसते.

तो लेख सातासमुद्रापार गेला. बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तो वाचला, हिंदुस्थानातून मुळीच्या गोळ्या मागविल्या, 1950 पासून आपल्या रोग्यांना देऊन पाहिल्या आणि 1952 साली हे औषध खरेच चालते असे अमेरिकेत सांगितले. त्याच 1952 साली स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतला मुख्य अंश वेगळा काढला. त्याला रेसर्पिन म्हणतात. न्यूयॉर्ककडच्या डॉ. नेथन क्लाइन यांनी तो वेड्यांच्या इस्पितळात वापरला आणि वर्षानुवर्षे आरडाओरड करणारे रोगी शांत झाले. म्हणजे बिहारच्या बाजारातले नाव काही खोटे नव्हते. 1956 साली तर वुडवर्ड नावाच्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळीशिवाय, प्रयोगशाळेतच रेसर्पिन तयार करून दाखविले.

1957 साली अमेरिकेतला लास्कर पुरस्कार डॉ. वकिलांना मिळाला. वैद्यकीतला हा फार मोठा मान समजला जातो. नोबेलच्या खालोखाल त्याचे नाव घेतात. त्या वर्षी त्यांच्याबरोबर विल्किन्स आणि क्लाइन यांचाही सत्कार झाला. पुढल्याच वर्षी, 1958 साली, भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले, आणि 1965 साली शास्त्रज्ञांसाठी असलेले भटनागर पारितोषिकही त्यांना लाभले. एवढे असून आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्यांचा धडा मी तरी वाचला नाही. सातवीपर्यंतच्या पुस्तकांचे सांगते. पुढल्या पुस्तकांत असेल तर मला माफ करावे.

आता औषधाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण गुण तेवढे सांगून दोष गाळायचा, हे त्या डॉक्टरांच्या चरित्राला शोभणार नाही. रेसर्पिनने नाक चोंदते, सुस्ती येते, नाडी मंद होते. आणि जास्त मात्रेत काही माणसे इतकी उदास होत की त्यांना जगणे नकोसे वाटे. 1958 च्या सुमारास लघवीवाटे मीठ आणि पाणी काढणाऱ्या गोळ्या आल्या, त्यापुढे आणखी निराळ्या आल्या, आणि सर्पगंधेचे औषध मागे पडले. आज माझ्या आणि सासूबाईंच्या डब्यात ज्या गोळ्या आहेत त्या सर्पगंधेच्या नाहीत. मुळीला इतकी मागणी आली की रानेच्या रानं उपसली गेली, झुडूप दुर्मिळ झाले, आणि तिच्या परदेशी व्यापारावर निर्बंध घालावे लागले. आमच्या शेजारच्या एक ताई मागे कोणा फिरत्या औषधवाल्याकडून सर्पगंधेची म्हणून भुकटी घेऊन आल्या होत्या. अर्धा चमचा की एक, हेही त्याने सांगितले नव्हते. मी ती पुडी त्यांच्यादेखत मोरीत टाकली. आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. ज्या मुळीची मात्रा ठरवायला एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी इतका खटाटोप केला, ती पुडीतून अंदाजाने खायची म्हणजे काय?

पुरस्कार मिळाल्यावर डॉ. वकील स्वस्थ बसले नाहीत. हृदयविकाराचा झटका येण्याच्या आधी पुष्कळ वेळा शरीर सूचना देते, या गोष्टीचा त्यांनी पाठपुरावा केला. छातीत दाटून येणे, ते वारंवार येणे, चालताना येत होते ते बसल्या जागी येऊ लागणे. या मधल्या अवस्थेतल्या रोग्यांवर त्यांनी 1961 आणि 1964 साली अमेरिकेतल्या नामांकित मासिकांत लेख लिहिले. रक्त पातळ ठेवणारी औषधे वेळीच दिली तर झटका टळू शकतो का, हे ते पाहात होते. आज छातीत दुखते म्हटल्याबरोबर दाखल करून घेतात आणि रक्त गोठू नये म्हणून औषध देतात; त्या विचाराच्या आरंभीच्या मंडळींत ते आहेत. शिवाय विद्यार्थ्यांसाठी डॉ. गोलवाला यांच्याबरोबर त्यांनी रोगी कसा तपासावा याचे पुस्तक लिहिले. यंत्रे हाताशी नसताना डोळ्यांनी पाहून, हाताने चाचपून, बोटांनी ठोकून आणि नळीने ऐकून रोग कसा ओळखावा, हे त्यात आहे. डॉक्टरांच्या कितीतरी पिढ्या ते वाचून शिकल्या. वैद्यकीच्या इतिहासाचीही त्यांना मोठी गोडी, आणि त्यावरही त्यांनी लिहिले. 1974 साली ते वारले. वय अवघे त्रेसष्ट.

त्यांच्या के.ई.एम.मध्येच 1968 च्या फेब्रुवारीत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसविण्याची शस्त्रक्रिया केली. देशातली ती पहिली. रोगी काही तासच जगला. पण जगात पहिले असे हृदय बसविल्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते, आणि आपल्या पालिकेच्या रुग्णालयात ते करून पाहिले गेले, याचा मला अभिमान वाटतो. परळच्या पुलावरून जाताना मी आता त्या इमारतीकडे निराळ्या नजरेने पाहते.

आपल्या अंधेरीचाही इथे उल्लेख करायला हवा. चार बंगल्याला आज जे मोठे कोकिलाबेन रुग्णालय उभे आहे, ते मुळात डॉ. नितू मांडके यांचे स्वप्न. पुण्याला शिकलेले, हृदयाच्या शस्त्रक्रियांसाठी गाजलेले, दिलदार गडी. इमारत उभी राहात असतानाच 2003 च्या मे महिन्यात त्यांना स्वतःलाच हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले, वय पंचावन्न. रुग्णालय 2009 साली दुसऱ्यांच्या हातून सुरू झाले. ज्याने इतरांची हृदये दुरुस्त केली त्याला आपले हृदय हाती धरता आले नाही, हे वाचून आमच्या घरात त्या दिवशी सगळे गप्प होते. मोठी रुग्णालये पाहिजेतच. वेळ आली की तिथेच धावावे लागते. तरी मला डॉ. वकील जास्त जवळचे वाटतात. त्यांचे काम त्या दारापर्यंत जाण्याची पाळी येऊ नये यासाठी होते, आणि ते पट्टी, नळी, गोळी आणि वही एवढ्यावर चालले.

त्यांच्यावरून मी घरात दोन गोष्टी चालू केल्या. एक म्हणजे वही. दर रविवारी सकाळी चहाच्या आधी, पाच मिनिटे पाठ टेकून गप्प बसून, हात छातीच्या पातळीत टेबलावर ठेवून आम्ही तिघे आकडा घेतो: मी, आमचे हे आणि सासूबाई. गप्पा मारता मारता घेतला तर आकडा वाढून येतो, हे मी स्वतः पाहिले आहे. एकशे चाळीसावर नव्वद ही रेघ. तिच्यावर वारंवार जाऊ लागला तर वही घेऊन डॉक्टरांकडे. गेल्या गणपतीत माझा गेला होता, आणि डॉक्टरांनी वही पाहूनच गोळी बदलली.

दुसरी गोष्ट मिठाची, आणि ती सोपी नाही. माणशी दिवसाला पाच ग्रॅम मीठ, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, एवढेच असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी महिन्याच्या पुड्या मोजल्या, तर आमच्याकडे जवळजवळ दुप्पट खर्च होत होते. आमटीतले दिसते, लोणच्यातले, सांडग्यातले, सुक्या बोंबलातले, फरसाणातले दिसत नाही. पापडात तर मिठाशिवाय पापडखार असतो, तोही मिठाच्याच जातीचा. पूर्वी उन्हाळ्यात पाच किलो उडदाचे पापड करीत असू, आता दोन किलो करते, आणि खार निम्मा घालते. पापड पूर्वीसारखा फुलत नाही, हे कबूल करते. यजमानांनी पहिला महिनाभर कुरकुर केली. आता बाहेरचे खारट लागते असे म्हणतात.

सासूबाईंना मी डॉ. वकिलांची सारी हकीगत वाचून दाखविली होती. डावा हात उजव्या हातावर ठेवून त्यांनी ती नीट ऐकली, आणि हे गृहस्थ आधी भेटले असते तर, एवढेच म्हणून थांबल्या. मी काही बोलले नाही. तेव्हापासून त्या आपल्या सकाळच्या गोळीला वकिलांची गोळी म्हणतात. ती सर्पगंधेची नाही, अगदी निराळी आहे, हे मी त्यांना दोनतीनदा समजावून सांगितले. त्या ऐकत नाहीत. सकाळी चहा ठेवला की आतून विचारतात, वकिलांची आली का. आणि मी पाण्याचा पेला घेऊन जाते.